पाखरीच्या निमित्ताने: बिनमालकाचं कारवान कुत्रं जातं तेव्हा

पाखरी गेली. तांबूस अंग, काळं मुस्कट, उजव्या मांडीवर तारेने फाटल्याची वीतभर खूण. जातीची कारवान, पण मालक कुणीच नाही. चार घरची भाकरी खायची आणि निजायची पाचव्याच्या गंजीखाली. असं कुत्रं मेलं की सगळी वस्ती हळहळते आणि पुढचं काम मात्र कुणाचंच नसतं. मग दुपारपर्यंत कुणीतरी पायाला दोरी बांधून ओढ्यात टाकून येतं. पाखरीचं तसं झालं नाही. काय करावं लागतं आणि कुठे चुकतं, ते तिच्या नावाने एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या कुत्र्याला उपयोगी पडेल.

आधी जातीबद्दल थोडं, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्या बांध्यावर ठरतात. मुधोळ हाउंड म्हणतात ती हीच जात. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात ही होती. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तिला राजाश्रय दिला. पण विजापूर-बागलकोटपासून जत, मंगळवेढा, सांगोल्यापर्यंतच्या कोरड्या माळावर ती पाळली ती धनगर-शेतकऱ्यांनी आणि फिरस्त्या लोकांनी. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, वजन वीस ते अठ्ठावीस किलो, लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. नाकापेक्षा डोळ्यावर शिकार करणारी जात. शर्यतीत मागे पडली, पाय दुखावला किंवा वय झालं की सोडून देतात, आणि मग अशी कुत्री कुठल्यातरी वस्तीच्या आसऱ्याला येतात. धडधाकट कारवानच्याही मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. ती उपाशी आहे असं समजून लोक तिला कोंबून घालतात. ते तिच्या जिवावर कसं बेतू शकतं, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे ती खरंच गेली आहे का, याची खात्री. हे वाचून हसू नका. कारवानच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. पौषातल्या पहाटे म्हातारं कुत्रं गारठून असं पडतं की हाक मारली तरी कान हलत नाही. डाव्या कोपराच्या मागे छातीवर तळहात ठेवा, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटांनी नाडी बघा आणि बुबुळाला कापसाने हलकेच स्पर्श करा. पाच मिनिटं सलग काहीच नसेल, पापणीही हलत नसेल, तर ती गेली. गेल्यावरसुद्धा एक-दोनदा तोंड उघडून आचका येतो, मांडीचे स्नायू थरथरतात, लघवी सुटते. त्याने घाबरू नये आणि आशाही धरू नये. शंका असेल तर गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवा आणि १९६२ वर फोन करा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा हा क्रमांक टोल-फ्री आहे.

गेली हे नक्की झालं की घाई असते ती पाय दुमडण्याची. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत अंग लाकडासारखं ताठ होतं. मरण्याआधी पळालेली किंवा झटके आलेली असेल तर त्याहूनही लवकर. कारवानचे पाय लांब. ते सरळ राहिले तर खड्डा दीडपट करावा लागतो, आणि मग लोक ताठलेले पाय खोऱ्याच्या दांड्याने मोडून दाबतात. ते बघवत नाही. म्हणून तिला कुशीवर घ्या, चारही पाय पोटाशी दुमडा, मान थोडी आत वळवा आणि जुन्या धोतराच्या नाहीतर सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा. शेपटीखाली कापड ठेवा. डोळे मिटत नाहीत, त्यांच्यामागे लागू नये. हातात मोजे हवेत, नसतील तर दुधाच्या पिशव्या चालतील. अंग गार पडू लागलं की गोचिड्या उतरून दुसरं अंग शोधतात, त्यामुळे तिला ओसरीवर किंवा गोठ्याजवळ ठेवू नये. सावलीत, फरशीवर किंवा पत्र्यावर, इतर कुत्र्यांपासून लांब ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माती टाकण्याआधी ती कशाने गेली हे ठरवायचं. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत मालक विचारतो. बिनमालकाच्या बाबतीत ‘कुणीतरी विष घातलं’ हे एकच उत्तर ठरलेलं असतं, आणि ते पुष्कळदा चुकीचं असतं.

कारवानसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचा मोठा शत्रू म्हणजे पोट फुगून पीळ बसणं. लग्नाची पंगत किंवा जत्रेचं मटण झालं की उरलेलं सगळं कुत्र्यांपुढे ओततात. भुकेलं कुत्रं एका दमात दोन-तीन किलो खातं, वर पाणी पितं आणि दुसऱ्या कुत्र्यामागे धावतं. भरलेलं जठर स्वतःभोवती फिरतं, दोन्ही तोंडं बंद होतात, वायू साठतो, रक्तपुरवठा तुटतो. लक्षण ठळक असतं: उलटीसाठी पुन्हा पुन्हा ओकारी येते, बाहेर फक्त फेस पडतो, पोट ताशासारखं ताणलेलं, लाळ गळते, एका जागी ठरत नाही. इथून पुढे काही तासच हातात असतात आणि उपाय शस्त्रक्रियेचाच. घरगुती काढे, तेल पाजणं यात ते तास जातात. मात्र मेल्यानंतर फुगलेल्या पोटावरून हे निदान करता येत नाही, कारण उन्हात कुठलंही मढं फुगतंच. जिवंतपणी कुणी काय पाहिलं, ते विचारून घ्यावं लागतं.

विषाची गोष्ट वेगळी दिसते. शेतात वापरायच्या कीटकनाशकाने तोंडाला भरपूर फेस येतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग थरथरतं, हगवण लागते, आणि वास बऱ्याचदा तिथेच असतो. आजूबाजूला मेलेले कावळे किंवा आणखी एखादं कुत्रं सापडलं तर संशय पक्का. अशा वेळी पुरू नये. मढं सावलीत ठेवून भोवती बर्फाच्या पिशव्या लावाव्यात, पण गोठवू नये, आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावं. उन्हाळ्यात सहा-आठ तासांनंतर आतलं काही वाचता येत नाही. ओकारीचा नमुना आणि जवळ पडलेलं मटण-पीठ स्वच्छ बरणीत घ्यावं. तक्रार पोलिसांकडे करायची. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जनावर मारण्याला, जायबंदी करण्याला लागतं, आणि जनावराला मालक नाही म्हणून तो गुन्हा सुटत नाही.

उरलेली कारणं माळावरचीच. घोणस चावली तर चावल्या जागी झपाट्याने सूज येते आणि हिरडीतून, नाकातून रक्त झिरपतं. खुणा बहुतेकदा तोंडावर किंवा पुढच्या पायावर, कारण कुत्रं नाक घालून बघतं. डुकरांसाठी शेताला लावलेली वीज हे आणखी एक. तोंडात किंवा पंजावर भाजल्याचा पांढरट डाग दिसतो, आणि अशा ठिकाणी कुत्र्याला हात लावण्याआधी तारेतला प्रवाह बंद आहे का ते बघावं, नाहीतर दोन मढी होतात. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब चावला तर जबडाच राहत नाही. गोचिडतापाने गेलेलं कुत्रं आधी काही दिवस खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके येतात. उष्माघात म्हणजे चैत्र-वैशाखात सशामागे लागलेलं कुत्रं. अंगाचा ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की आतले अवयव जायला लागतात. पाणी ओतून वारा घालायचा असतो, लोक ओलं पोतं गुंडाळून ठेवतात. ते पोतं तापतं आणि उष्णता आतच कोंडते. आणि रस्ता. डोळ्यावर धावणारी जात सशावर नजर खिळली की डांबरावरचा ट्रक बघत नाही. बाकी गावठी कुत्री रस्ता ओलांडायला शिकतात, कारवान शिकत नाही.

पिसाळण्याचा संशय असेल तर वरचं सगळं बाजूला. वागणं अचानक बदललेलं, आवाज घोगरा, खालचा जबडा लोंबलेला, गिळता येत नाही, उगाच चावत सुटलेली, आणि हे सुरू झाल्यापासून काही दिवसांत मेलेली. अशा कुत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. तोंड उघडून ‘हाड अडकलंय का’ बघणं हा तर जिवाशी खेळ, कारण रेबीजच्या जबड्याचं पहिलं चुकीचं निदान हेच होतं. पशुवैद्यकाला कळवावं. मेंदूचा नमुना तोच काढतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. तिने आधीच्या दहा दिवसांत कुणाला चावलं, ओरबाडलं, कुणाच्या जखमेवर लाळ लागली, याची यादी त्याच दिवशी करावी. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि थेट सरकारी दवाखाना. दंडातल्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४, २८. कातडीत देतात ती ०, ३, ७, २८. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कुत्रं मेलं म्हणजे धोका टळला, असं समजून लोक लस अर्धी सोडतात. कुत्रं दहा दिवसांत मरणं ही उलट लस पूर्ण करण्याची खूण आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शेवट केला असेल तर त्यात बहुधा बार्बिट्युरेट, म्हणजे गाढ बेशुद्धी आणणारं औषध, असतं. ते मढ्यात टिकतं. उकरून खाणारं कोल्हं, कुत्रं, घार, गिधाड सगळ्यांना ते बाधतं. असं मढं उघड्यावर टाकणं म्हणजे विषाचं मटण टाकणंच.

खड्डा. कारवानसाठी पाय दुमडून चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल पुरतो. खोलीत काटकसर नको. अंगावर किमान तीन फूट माती बसली पाहिजे, नाहीतर कोल्ही आणि वस्तीवरचीच कुत्री तिसऱ्या रात्री उकरतात. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून शंभर फूट तरी लांब, पावसाचं पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा, आणि ज्याच्या बांधात पुरायचं त्याला विचारून. काळ्या मातीत एक अडचण आहे. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात आणि वास वर येतो. तिथे अंगावर फूटभर काळी माती, मग फूटभर मुरूम ठोकून, मग पुन्हा माती, असा थर द्यावा. निव्वळ मुरमात कुदळीने तीन फुटांखाली जाणं कठीण असतं. आदल्या तासाला पाणी सोडून ठेवलं तर काम निम्मं होतं.

मीठ आणि चुना यांवर भांडणं होतात. पाच किलो मीठ घातलं की लवकर माती होते, ही समजूत उलटी आहे. मीठ कुजणं थांबवतं, म्हणून तर सुके बोंबील टिकतात, आणि वर त्या जागी नंतर गवतसुद्धा नीट येत नाही. चुनाही कुजण्याचा वेग कमीच करतो. वास आणि माश्या कमी व्हाव्यात म्हणून वरच्या थरात थोडा टाकला तर हरकत नाही, अंगावर ओतू नये. प्लास्टिकची पिशवी किंवा खताचं पोतं तर अजिबात नको. त्यात अंग वर्षानुवर्षं चिकट लगद्यासारखं राहतं. सुती कापड किंवा तागाचं पोतं बरं. माती टाकून झाली की जमिनीच्या वर फूटभर उंच ढीग ठेवायचा, कारण पहिल्या पावसात तो बसतो. वर चपटे दगड आणि त्यावर बाभळीचे काटे. पार्वो किंवा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगांनी गेली असेल तर तिचं गोणपाट जाळावं आणि जिथे ती निजायची तिथे नवीन पिल्लू लस पूर्ण होईपर्यंत आणू नये. पार्वोचा विषाणू मातीत वर्षभर आणि त्याहूनही जास्त तग धरतो.

शहरात हे काहीच जमत नाही. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला कळवलं की मेलेली जनावरं उचलणारी गाडी येते. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ साली लहान जनावरांसाठी दहनाची सोय सुरू केली आहे.

आता आठवणीचं. ‘फार गुणी होती’, ‘वाऱ्यासारखी पळायची’ एवढ्यावर बिनमालकाचं कुत्रं दोन वर्षांत विरून जातं, कारण अशी सगळीच गुणी असतात. पुरण्याआधी दहा मिनिटं काढून मापं घ्यावीत. सुतळीने छातीचा घेर कोपरामागून, खांद्याच्या टोकापासून सरळ केलेल्या पुढच्या पंजापर्यंत उंची, नाकाच्या टोकापासून डोळ्यांपर्यंत आणि तिथून मागच्या हाडापर्यंत डोक्याची दोन मापं, शेपटी. हे पाय दुमडण्याआधी करायचं. दात बघावेत: झिजलेले, मोडलेले, पिवळे किती. कान कातरलेला असेल तर नसबंदी झालेली, तेही लिहावं. जखमांच्या खुणा कुठल्या बाजूला, ते नक्की लिहावं. कारवानची कातडी पातळ, काटेरी तारेने कागदासारखी फाटते, त्यामुळे खुणा वाचल्या की तिचा माळ कळतो. पंजाचा ठसा हवा असेल तर ओल्या बारीक मातीत पंजा सरळ दाबून, प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग आणि पाणी एक भाग असं कालवून लगेच ओतायचं, अर्ध्या तासाने उचलायचं. पाणी जास्त झालं की ठसा खडूसारखा चुरतो. रेबीजचा संशय असेल तर मापही नको आणि ठसाही नको.

जिवंत असताना करायचं काम वेगळं. आपल्याकडे फोटो वरून काढतात. त्यात कारवानचं फक्त नाक मोठं आणि पाय बुटके दिसतात. तिच्या खांद्याच्या उंचीला बसून, बाजूने, सकाळच्या उन्हात काढावा. धावण्याचा व्हिडिओ फोनच्या स्लो-मोशनमध्ये. मग दिसतं की एका ढांगेत ती दोनदा पूर्ण हवेत असते: एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणलेले. ससा कोलांटी घेतो तेव्हा शेपटी सुकाणूसारखी दुसऱ्या अंगाला पडते. वेगाचे आकडे पारावर बसून सांगणारे पुष्कळ भेटतात, मोजलेले फार थोडे. तेव्हा आकडा न लिहिता व्हिडिओ जपावा.

आणि शिकारीचं खरं तेच लिहावं. सशापासून चिंकारापर्यंत सगळ्यांची शिकार वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि मोकळी सोडलेली कारवान कायदा वाचत नाही. तिने किती ससे धरले याच्या बढाया स्मरणलेखात वाचल्या की माळ किती रिकामा झाला तेही त्यातच वाचता येतं. पाखरी माळढोकाच्या पट्ट्यात असती तर तिला बांधूनच ठेवावं लागलं असतं.

शिकारी कुत्र्याची आठवण दगडावर ठेवण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. (रायगडच्या वाघ्याचा वाद इथे नको.) पण या साऱ्यांत मला सगळ्यात पटतो तो कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दगड, शके ८७२ म्हणजे इसवी सन ९४९-५०चा. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाने तक्कोलमला चोळांना हरवलं, त्या लढाईत गंगराजा बूतुग त्याच्या बाजूने होता. बूतुगाने आपल्या मणलेर नावाच्या वीरावर खूश होऊन ‘काय हवं ते माग’ म्हटलं, आणि त्याने राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. ती एका मोठ्या रानडुकरावर सोडली आणि दोघंही एकमेकांना मारून मेले. मणलेरने चल्लेश्वराच्या देवळापुढे दगड उभा केला, वर कुत्री आणि डुकराची झुंज कोरली, जमीन नेमून दिली. देवळाच्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, त्या दगडाची पूजा न करता जेवण केलं तर कुत्रीचं पाप त्याच्या माथी, अशी तंबीही त्यावर आहे. आज तो दगड बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. कुत्री कुठून आली, कुणी दिली, कशाशी भिडली, कशी मेली, दगडाची देखभाल कुणी करायची, हे सगळं त्यावर आहे. ‘गुणी होती’ हा शब्द नाही.

आपल्याला जमीन नेमून द्यायची नसते, तरी दगडाची चार पथ्यं पाळावीत. पहिला पावसाळा जाऊ द्यावा. ताज्या मातीवर सिमेंटचा ओटा बांधला की तो दसऱ्यापर्यंत एका बाजूला खचून तडकतो. शहाबादी फरशी स्वस्त मिळते, पण उभी रोवली तर पापुद्रे सुटतात. काळा पाषाण घ्यावा, दोन फुटांचा, त्यातला तिसरा हिस्सा जमिनीत. ऑइलपेंटची अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडतात, पाथरवटाकडून कोरूनच घ्यावीत. तो अक्षरामागे पैसे घेतो, म्हणून नाव, साल आणि कारण एवढंच. झाड लावायचं तर खड्ड्याच्या मधोमध नको, कुजताना सुटणाऱ्या नत्राने कोवळी मुळं जळतात. दोन फूट बाजूला कडुनिंब लावावा आणि पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपावा. पाखरीच्या दगडावर तीन शब्द आहेत: नाव, २०२४, घोणस.